तीन तांब्यांचा वाटा

एका राज्यात पाणी माणसांना ओळखत असे. कुणाचा वाटा किती, कुणी किती घेतला, कुणाचा किती उरला, हे सारे पाण्याला ठाऊक. वाटा संपला की पाणी त्या माणसाला शिवत नसे. ओंजळ बुडवली तर ओंजळ कोरडीच वर येई. तांब्या तोंडाशी धरला तर धार ओठ चुकवून जमिनीवर जाई. हे असे का झाले, ते आधी सांगितले पाहिजे.

त्या राज्याची राजधानी काळ्या, उघड्या डोंगरावर होती आणि सगळ्या शहराला मिळून एकच तळे होते. थोरल्या महाराजांच्या काळी तळे आटू लागले, तेव्हा त्यांनी अंजनकेत नावाच्या मांत्रिकाला बोलावून घेतले. अंजनकेताने सात दिवस काठावर बसून मंत्र बांधला. माणशी रोज पाच घागरी. राजवाड्यात पाच, झोपडीत पाच. थोरले महाराज स्वतः तांब्याने मोजून आपला वाटा घेत. लोक थोडे कुरकुरले, पण राजाच मोजून घेतो म्हटल्यावर गप्प झाले. तळे सावरले.

पुढे थोरले महाराज वारले आणि त्यांचा मुलगा धीरसेन गादीवर आला. त्याला बागेत कारंजे हवे होते. त्याने अंजनकेताकडून एक निळी मुद्रा घडवून घेतली. ती ज्याच्या गळ्यात, त्याला वाट्याचे बंधन नाही. एक मुद्रा राजाने घातली, एक राणीला दिली. मग प्रधानाला आमराईसाठी एक लागली, सेनापतीला घोड्यांसाठी एक लागली, आणि पावसावर कवने रचणाऱ्या राजकवीलाही एक लागली. तळे होते तेवढेच होते. मुद्रावाल्यांकडे जास्त जाई, ते इतरांच्या वाट्यातून आपोआप कमी होई. पाच घागरींच्या तीन झाल्या, तिनाची एक झाली. दहाव्या वर्षी माणशी तीन तांबे उरले. त्यातच पिणे, त्यातच रांधणे, त्यातच अंग धुणे. आणि दर वेळी वाटा घटला की दवंडी पिटली जाई, की प्रजा पाणी उधळते, प्रजेने जपून वापरावे.

ही दवंडी कुंभारआळीत आली की गोजरा सुईण दार लावून घेई. नाहीतर दवंडीवाल्याच्या हातातली टिपरी हिसकावून घेण्याचा मोह तिला आवरत नसे. गोजरा पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पण खालच्या शहरातली अर्धी माणसे तिच्या हातांवर जगात आली होती, आणि त्या सगळ्यांना ती एकेरीच हाक मारी.

त्या वर्षीच्या वैशाखात धोंडू कुंभाराची बायको ठकू बाळंत व्हायची होती. सकाळी तिने आपल्या वाट्यातले दोन तांबे माती मळायला घातले, कारण घरातल्या बाकीच्यांचे बरेचसे पाणी रांधण्यात गेले होते. दुपारी कळा सुरू झाल्या. उरलेला एक तांब्या पहिल्या घटकेतच संपला. ठकू पाणी मागू लागली. धोंडूने आपला तांब्या पुढे केला, शेजारणींनी आपापले आणले. गोजराने एकेक तिच्या ओठांशी धरला. प्रत्येक धार ठकूच्या हनुवटीपासून दूर सरकत गेली आणि खालची जमीन भिजली. मुलगी झाली. पण मोजणी वर्षातून एकदा होई, त्यामुळे त्या मुलीच्या नावावर अजून वाटाच नव्हता, आणि पाणी तिलाही शिवेना. गोजराने तिला कोरड्या फडक्याने पुसले, तेल लावले आणि शेजारच्या एका लेकुरवाळीच्या पदराखाली दिले. मूल जगले. दिवस मावळायच्या आत ठकू गेली. शेवटपर्यंत ती पाणीच मागत होती.

गोजरा बाहेर ओट्यावर येऊन बसली. वर डोंगरमाथ्यावर राजवाड्याची बाग दिसत होती आणि उन्हात कारंजे उडत होते. गोजराने आजवर पुष्कळ मरणे पाहिली होती. आडवे आलेले मूल, न थांबणारा रक्तस्राव, यांपुढे ती हात जोडी आणि दैवाला बोल लावून घरी जाई. पण हे मरण दैवाने धाडलेले नव्हते. ते वरून, त्या बागेतून, धाडलेले होते. तिच्या छातीत रागाचा असा जाळ उठला की तिला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात जाऊन उभी राहिली. ठकूचे कसे झाले ते तिने थोडक्यात सांगितले. राजा धीरसेन दुष्ट नव्हता. त्याने ऐकून घेतले, चुकचुकला, आणि म्हणाला, "बाई, मंत्र अंजनकेताचा आहे. आम्ही केवळ तो पाळतो."

गोजराने त्याच्या गळ्यातल्या निळ्या मुद्रेकडे पाहिले. "महाराज पाळतात?"

प्रधान उठून म्हणाला की खालच्या शहरातल्या बायका आंघोळीला पाणी उधळतात आणि वेळेला ओरडतात. राजाला तो विषय नकोसा झाला होता. त्याने सांगून टाकले की अंजनकेत मंत्र सोडवत असेल तर राज्याची हरकत नाही, त्याला जाऊन विचार. प्रधान गालात हसला. अंजनकेत कुठे आहे हे पाच वर्षांत कुणाला ठाऊक नव्हते.

राजवाड्यामागे एक कोरडी बारव होती. तिच्या कठड्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. गोजरा तणतणत तिकडून चालली, तेव्हा तो बोलला. "ज्याला शोधतेस तो खाली आहे. एकशेदहा पायऱ्या."

गोजराने विचारले, "तू कोण?"

"मी पक्षी. मला वाट्याचे बंधन नाही, म्हणून मला पाण्याची सगळी बातमी कळते. उतर."

ती उतरली. तळाशी अंजनकेत उभा होता, पण छातीपर्यंत तो दगड झाला होता. पहिली मुद्रा घडवली त्या दिवशी त्याची पावले दगडाची झाली, आणि पुढल्या प्रत्येक मुद्रेसरशी दगड वर चढत गेला. पाच वर्षांपूर्वी तो हातांवर फरफटत इथे येऊन लपला होता. त्याला पाहून दुसऱ्या कुणाला दया आली असती. गोजराला आली नाही. तिने त्याला विचारले की चांगला सगळ्यांना सारखा मंत्र बांधला होता, तर त्याला भोक पाडायला कुणी सांगितले होते.

"राजाने," अंजनकेत म्हणाला.

"आणि तुम्ही पाडलंत."

"पाडले."

"मग आता बुजवा."

"माझ्या हातून ते होत नाही. तीन वस्तू लागतील. थोरले महाराज ज्याने वाटा मोजून घेत तो तांब्या. कुणीतरी आपखुशीने उतरवलेली निळी मुद्रा. आणि राजाने मागितलेले, पण न मिळालेले पाणी. या तिन्ही वस्तू बारवेत आल्या तर दगड फुटेल, मुद्रा निकामी होतील आणि मंत्रही सुटेल."

गोजरा वर आली. पाणकावळ्याने तिला सांगितले की थोरल्या महाराजांचा तांब्या धीरसेनाने जुन्या खजिन्याबरोबर तळ्यात टाकला आहे, आणि तिथे एक कासवी राखणीला आहे. खजिना शापित होता, म्हणूनच तो बुडवलेला. सेनापतीचे दोन पाणबुडे मागे त्यासाठी उतरले होते. सोन्याला हात लावताच त्यांच्या जिभा पितळेच्या झाल्या. ते आजही शहरात आहेत, बोलताना त्यांचा खणखण आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

"मला पोहता येत नाही," गोजरा म्हणाली.

"पोहायचे कशाला? आधी आपला आजचा वाटा संपव. मग उतर."

गोजराने तीन तांबे पाणी पिऊन टाकले आणि ती तळ्यात शिरली. वाटा संपला होता, म्हणून पाणी तिला शिवेना. ते दोन्ही अंगांनी मागे सरत गेले आणि तिच्या पायांखाली कोरडी वाट होत गेली. तळाच्या चिखलात सोन्याच्या राशी होत्या आणि राशींवर बैलगाडीच्या चाकाएवढी कासवी पडली होती. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. गोजराने सोन्याकडे पाहिलेही नाही. तिने कासवीकडे पाहिले आणि तिला लगेच कळले.

"किती दिवस अडली आहेस?" तिने विचारले.

"तीन वर्षे," कासवी म्हणाली. "अंडी घालायला वाळू लागते. राजाने काठभर फरसबंदी घाट बांधला."

ऐकून गोजराचे कपाळ तापले. इथेही तेच. ती तडक वर आली, कुंभारआळीतून एक पहार घेतली आणि भर दुपारी, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, राजघाटाची एक फरशी उचकटून बाजूला टाकली. पहारेकऱ्यांपैकी एकाची बायको तिने सोडवली होती, दुसऱ्याला तिनेच जगात आणले होते. दोघेही दुसरीकडे बघत उभे राहिले. फरशीखाली पांढरी वाळू होती. कासवी सरपटत वर आली. गोजराने तिच्या पोटाला तेल लावले, चोळले, धीर दिला, दटावले. सूर्य कलेपर्यंत चव्वेचाळीस अंडी वाळूत आली. कासवीने मोठा श्वास सोडला, पाण्यात गेली आणि तोंडात एक साधा, पोचे पडलेला तांब्या धरून परतली.

पहिली वस्तू झाली. दुसरीसाठी गोजरा मुद्रावाल्यांच्या दारी गेली. प्रधान म्हणाला की त्याची आमराई राज्याचे भूषण आहे. सेनापती म्हणाला की घोडे तहानले तर राज्य बुडेल. राजकवीने डोळ्यांत पाणी आणून ठकूची कहाणी ऐकली, तिच्यावर कवन रचायचे कबूल केले, आणि मुद्रा सदऱ्याच्या आत सरकवली. गोजराला सगळ्यात जास्त संताप या तिसऱ्याचा आला.

ती वाड्यातून निघाली, तेव्हा राणी मृणालवतीने तिला सज्जातून हाक मारली. राणीचे दिवस भरत आले होते. तिच्या चालण्यावरून गोजराने ताडले की उद्या-परवाच वेळ येणार.

राणी म्हणाली, "प्रजा पाणी उधळते असे मला सांगतात. तू किती उधळतेस?"

"राणीसाहेब, उधळायला आधी हातात यावं लागतं."

राणीने तिला बसवून घेतले आणि सगळे विचारले. ठकूचे वय किती होते, ती शेवटी काय म्हणाली, धार ओठांवरून कशी सरकते. गोजराने काही लपवले नाही. ऐकून झाल्यावर राणीने गळ्यातली मुद्रा उतरवायला हात वर नेले. गोजराने तिचे मनगट धरले. तिचा राग खरा होता, पण आयुष्यभराचा धंदाही खरा होता.

"आत्ता नको. एकदा उतरवली की ती पुन्हा चालत नाही. बाळंतपण होऊ द्या, मग द्या."

राणी म्हणाली, "बाळंतपणानंतर मी विसरेन." आणि तिने मुद्रा उतरवली. मुद्रेचा निळा रंग उडाला आणि ती साध्या खड्यासारखी दिसू लागली.

गोजरा त्या रात्री वाड्यातच राहिली. पहाटे तिचा डोळा लागला तेवढ्यात दासींनी रोजच्या रिवाजाप्रमाणे राणीला न्हाऊ घालायला घेतले. दोन तांबे अंगावर ओतून झाले तोच राणी कळवळून खाली बसली, तेव्हा त्या घाबरून ओरडल्या. राणीला कळा सुरू झाल्या होत्या. उरलेला एक तांब्या गोजराने घोट घोट करून पुरवला, पण दिवस वैशाखातला होता आणि मूल मोठे होते. मध्यान्हीच्या सुमारास तांब्या रिकामा झाला. राणीचे ओठ फुटू लागले.

राजा आत आला. त्याने हुकूम केला, तशा शंभर घागरी दाराशी आल्या. राणीच्या जिभेवर थेंब टिकेना. त्याने आपल्या हाताने, आपल्या प्याल्यातून पाजून पाहिले. पाणी त्याच्या बाहीवरून ओघळले. राजाचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. राणीला काही झाले तर सुइणीचे डोके मारले जाईल, असे तो म्हणाला.

गोजराने मान वर केली नाही. तिचे दोन्ही हात कामात होते. "माझं डोकं मारल्यावर मूल कोण सोडवणार? प्रधानजी?"

राजाने हातातला प्याला खाली ठेवला.

"परवा अशीच एक बाई अशीच पडली होती. तिचा नवरा असाच उभा होता. त्याच्यापाशी हुकूम नव्हता, म्हणून त्याने नुसतं मागितलं. तुम्हीही मागून बघा, महाराज."

राजाने खोलीभर पाहिले. दासी, वैद्य, दाराशी उभा प्रधान, मागे शंभर भरलेल्या घागरी. मग तो म्हणाला, "कुणीतरी माझ्या बायकोला घोटभर पाणी द्या." दहा वर्षांत त्याने कुणापाशी काही मागितले नव्हते. कुणी पुढे झाले नाही, कारण कुणालाच ते देता येत नव्हते.

"झालं," गोजरा म्हणाली. "मंत्र सोडवायला लागणारी तिसरी वस्तू तुमच्याच तोंडात आहे. तो तांब्या आणि ती मुद्रा घ्या आणि वाड्यामागच्या बारवेत उतरा, अंजनकेत तिथे आहे. मला येता येणार नाही, माझे हात अडकलेत. आणि पळत जा."

राजा पळाला. खाली काय घडले ते नंतर पाणकावळ्याने सांगितले. राजा एकशेदहा पायऱ्या अनवाणी उतरला. अंजनकेताने त्याला विचारले, "काय आणलेस?" राजाने तांब्या ठेवला, मुद्रा ठेवली आणि म्हणाला, "मी पाणी मागितले. मिळाले नाही." मग कुणी न सांगता त्याने आपल्या गळ्यातली मुद्रा काढली आणि पायरीवर आपटून फोडली. अंजनकेताच्या छातीवरचा दगड तडकला आणि तुकडे तुकडे होऊन खाली पडला. त्याच क्षणी शहरातल्या सगळ्या मुद्रांचा निळा रंग उडाला.

वर गोजराला एवढेच दिसले, की तिने सवयीने राणीच्या ओठांना लावलेले ओले फडके पहिल्यांदा ओठ भिजवून गेले. राणीने डोळे उघडले आणि ते फडकेच चोखू लागली. घटकाभरात मुलगी झाली. गोजराने तिला कोमट पाण्याने न्हाऊ घातले. पाणी बाळाच्या अंगावरून नीट, सावकाश ओघळत होते, आणि ते पाहताना दोन दिवस अडून राहिलेले रडू गोजराला एकदम आले.

पण कथा इथे संपत नाही. मंत्र सुटला ही बातमी खाली पोचली, आणि सगळे शहर तळ्यावर लोटले. दहा वर्षांची तहान होती. लोकांनी घागरी भरल्या, हंडे भरले, रांजण भरले. मग पोरेटोरे डुंबली, मग कुणी ओसऱ्या धुतल्या, कुणी म्हशी धुतल्या. संध्याकाळपर्यंत तळे दोन पायऱ्या खाली गेले. गोजरा काठावर येऊन उभी राहिली. राजवाड्यावर चिडणे सोपे होते. आपल्या आळीवर चिडताना तिला जड गेले, पण ती चिडली. ज्यांना तिने जगात आणले होते त्यांची नावे घेऊन तिने एकेकाला विचारले की तो आणि प्रधान यांच्यात आता फरक काय उरला. लोक एकेक करून पाण्याबाहेर आले.

अंजनकेत मोकळ्या पायांनी तिथे आला होता. राजाही आला होता. मंत्र पुन्हा बांधावा लागेल, हे आता सगळ्यांनाच दिसत होते. अंजनकेताने विचारले, "कसा बांधू?" राजाने गोजराकडे पाहिले.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. मूल पोटात आले की त्याचा वाटा धरायचा, मोजणीची वाट पाहायची नाही. ज्याला आपला वाटा दुसऱ्याला द्यावासा वाटेल, त्याला तो देता आला पाहिजे. आणि मुद्रा घडवायची विद्या अंजनकेताने इथेच, सगळ्यांसमोर, विसरून जायची.

"तिसरी गोष्ट अवघड आहे," अंजनकेत म्हणाला.

"मग अवघड ते आधी करा," गोजरा म्हणाली.

अंजनकेताने ओंजळभर पाणी डोक्यावर घेतले आणि तो विसरला. मग सात दिवस बसून त्याने मंत्र बांधला. तळ्याकडे पाहून वाटा ठरला. पहिल्या वर्षी माणशी तीन घागरी, पुढे तळे वाढेल तशा वाढतील. राजालाही तीनच. कारंजे बंद पडले.

महिनाभराने प्रधान गोजराच्या दारी आला. आमराई सुकत होती. इतर झाडे गेली तरी चालतील, पण वडिलांनी लावलेला एक आंबा आहे, त्याच्यापुरती काही सवलत व्हावी, असे त्याचे म्हणणे होते. गोजरा एका अडलेल्या बाईकडे निघाली होती. तिने पायात वहाणा सरकवता सरकवता सांगितले, की सवलत नावाची गोष्ट आता राज्यात नाही. पण ज्याला द्यावेसे वाटेल तो देऊ शकतो. कुंभारआळीत साठ घरे आहेत. तांब्या घेऊन दारोदार जावे आणि मागावे.

प्रधान ओट्यावरून उतरून घरी गेला. मागायला काही तो गेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो आंघोळ सोडून तीच घागर आंब्याच्या मुळाशी ओतू लागला. आंबा जगला. पुढच्या उन्हाळ्यात तो फळलाही. दरबारात मात्र प्रधानाशेजारी दोन्ही बाजूंच्या बैठका वर्षभर रिकाम्या होत्या, आणि राजाही त्याच्याशी जरा लांबूनच बोले. असा त्या राज्याचा शाप उतरला, आणि ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या घरी पोचले.